आयतं ताट

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तुम्ही अहवाल ऐकला, परतफेडीचे आकडे ऐकले, टाळ्याही वाजवल्या. आता बाहेर पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला लागली आहेत आणि वास इथपर्यंत येतोय. तुमचं लक्ष तिकडं गेलंय हे मला दिसतंय. म्हणून मी जेवणावरच बोलणार आहे.

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच गटांच्या बैठकीत एकच विषय निघतोय. "ताई, आपण रस्त्यावर भरीत केंद्र टाकू." कुणी म्हणतं शेवभाजी, कुणी म्हणतं खापरावरचे मांडे, कुणी वरण-बट्टी. विचार चांगला आहे. अमळनेरला मंगळवारी मंगळग्रह मंदिरात किती गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, धुळ्यावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, एरंडोल-पारोळ्याचा रस्ता रात्रंदिवस वाहतो. एवढी माणसं जातात, त्यांना भूक लागतेच. आणि स्वयंपाक आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण त्याआधी मला एक विचारायचं आहे. खरं सांगा हं. आपल्यापैकी किती जणी अशा छोट्या खानावळीत गिऱ्हाईक म्हणून बसल्या आहेत? लग्नातली पंगत धरू नका. प्रवासात मुलांना भरवता भरवता खाल्लेला वडापाव धरू नका. आपण खुर्चीवर बसलो, दुसऱ्यानं गरम ताट आणून समोर ठेवलं, आपण सावकाश जेवलो आणि आपल्याच पाकिटातून पैसे दिले, असं किती जणींचं झालंय?

बघा, हात थोडेच वर आले. यात लाजण्यासारखं काही नाही. आपली जेवायची वेळ सगळ्यांची झाल्यावर. कढईत जे खाली राहील ते आपलं, आणि भाकरी तोवर गार झालेली. आयतं ताट आपल्या वाट्याला येतं ते आखाजीला माहेरी गेल्यावर. तिथंही आता वहिनीचे हात बघून आपणच उठतो आणि पोळपाट ओढतो.

तर माझं पहिलं सांगणं एवढंच. भरीत केंद्र टाकायचं असेल, तर आधी एकदा गिऱ्हाईक होऊन जेवून या. वाढणारीला जे दिसत नाही ते जेवणाऱ्याला दिसतं.

समजा, तुम्ही चौघी-पाच जणी मिळून थंडीच्या दिवसांत जळगावजवळच्या अशाच एका साध्या भरीत केंद्रावर गेलात. पत्र्याचं शेड, चार-पाच टेबलं, बाजूला जाळ. मोठाली हिरवी, पांढऱ्या रेषांची वांगी काट्यांवर भाजताहेत. बामणोद, असोदा, भादलीकडची ही वांगी साधी नव्हेत बरं का. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. म्हणजे हे वांगं आपल्या मातीचं आहे, यावर सरकारी शिक्का बसला. गर भरपूर, बी कमी, म्हणून त्याचं भरीत लोण्यासारखं होतं.

तुम्ही बसलात. आता डोळे उघडे ठेवा. पहिल्यांदा काय आलं? पाणी आलं का? पेला स्वच्छ होता का? टेबल पुसलं ते फडकं कसं होतं? आपण घरी स्वयंपाकघरात असतो, तेव्हा फडक्याकडे आपलं लक्ष नसतं. गिऱ्हाईक मात्र सगळ्यात आधी तेच बघतं.

मग बडगीत वांगं ठेचल्याचा आवाज येतो. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात. ताट येतं, त्यात गरम भरीत, कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या, मुळा, कांदा, ठेचा. आणि वाढणारी बाई येऊन विचारते, "आखो भाकर देऊ का वं माय?" हा प्रश्न आपण आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला. तो आपल्याला कुणी विचारला की कसं वाटतं, ते एकदा अनुभवा. गिऱ्हाईक पुन्हा येतं ते चवीसाठी, आणि तितकंच या विचारण्यासाठी.

आणखी एक गोष्ट बघा. बायकांना तिथं बसायला नीट जागा आहे का? हात धुवायला आडोसा आहे का? संडास-बाथरूम आहे का, त्याला कडी लागते का? कितीतरी बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण जायचं कुठं हा प्रश्न असतो. जिथं बाईला निर्धास्त बसता येतं, तिथं अख्खं कुटुंब गाडी थांबवतं. हे पुरुष हॉटेलवाल्याच्या ध्यानात उशिरा येतं, आपल्या ध्यानात पहिल्या दिवशी यायला पाहिजे.

आता पाटीवर किती पदार्थ लिहिलेत ते मोजा. चांगल्या छोट्या ठिकाणी चार-पाचच असतात. आपल्या बैठकीत मात्र यादी निघते, भरीत, शेवभाजी, पाटोडी, फुनके-कढी, वडापाव, चायनीज, पावभाजी. एवढं सगळं करायला गेलं की एकही धड होत नाही, माल पडून राहतो आणि नासतो.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. युरोपात बेल्जियम नावाचा देश आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हा आपला सगळा खानदेश धरला, तर त्याहून थोडाच मोठा. तिथं आणि शेजारच्या फ्रान्समध्ये छोट्या, घरगुती खानावळीला बिस्ट्रो म्हणतात. अनेक ठिकाणी नवरा-बायको मिळून चालवतात. टेबलं मोजकी, आणि आज काय आहे ते पाटीवर खडूनं लिहिलेलं. तिथला एक जुना पदार्थ आहे, स्टूम्प. बटाटा उकडायचा, त्यात गाजर, कोबी किंवा पातीच्या कांद्यासारखी भाजी शिजवून घालायची आणि सगळं घोटायचं. झालं. तसं बघितलं तर हे त्यांचं भरीतच. तिथले बटाट्याचे तळलेले काप तर जगभर प्रसिद्ध आहेत. एकदा तळायचे, थोडं थांबायचं, मग दुसऱ्यांदा तळून कुरकुरीत करायचे, ही त्यांची पद्धत. वांगं आणि बटाटा, दोन्ही शेतातल्याच वस्तू. स्टूम्प हे तिथल्या साध्या माणसांचं घरचं जेवण, आणि आज शहरातली माणसं पैसे मोजून तेच खायला बिस्ट्रोत जातात. त्यांना हॉटेलचा झगमगाट नको असतो, आजीच्या हातची चव हवी असते.

म्हणून भरीत-भाकरी विकायला बसलो तर लोक हसतील, ही भीती मनातून काढा. मुंबईत दरवर्षी महालक्ष्मी सरस भरतं. तिथल्या खाऊगल्लीत गटाच्या बायका उलट्या खापरावर मांडे टाकतात तेव्हा लोक उभं राहून बघतात आणि विकत घेतात. जळगावात बहिणाबाई महोत्सवातही हेच दिसतं.

बायकांच्या खानावळीचा इतिहास आपल्या महाराष्ट्रात जुना आहे, तोही ऐका. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार गावाकडं कुटुंब ठेवून राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायकांना खानावळवाल्या म्हणायचे. एका खोलीत संसार, त्याच खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक. कामगार महिन्याच्या शेवटी पैसे देणार, पण वाण्याचं सामान आज पाहिजे. मग सावकाराकडून व्याजानं पैसे आणायचे, प्रसंगी मंगळसूत्र गहाण पडायचं. दिवसभर राबून सगळी कमाई व्याजात जायची. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवलं. आज आपण गटात जे करतो, तेच त्यांनी तेव्हा केलं. पुढं 2002 मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

त्या बायकांच्या हाताला चव नव्हती का? होती. कष्ट कमी पडले का? नाही. अडलं ते हिशोबाशी आणि व्याजाशी. म्हणून आता भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. वह्या काढा आणि लिहून घ्या.

समजा, आपण एका दिवशी 40 ताटं भरीत-भाकरी करायची ठरवली. भाव गावागावाला वेगळा असेल, मी एक नमुना मांडते.

वांगी 15 किलो, 40 रुपयांनी, झाले 600.
तेल दीड किलो, 225.
शेंगदाणे 1 किलो, 140.
मिरची 60, लसूण 100, पात-कोथिंबीर-मुळा 100.
कळण्याचं पीठ 10 किलो, 500.
जळण आणि गॅस 150.
पत्रावळी आणि पाणी 150.
गाडीभाडं 200.
मीठ आणि किरकोळ 75.

बेरीज करा. 2300 रुपये.

आता बहुतेक गट इथंच थांबतात. 40 ताटं, 100 रुपयांनी, 4000 आले. 2300 गेले, 1700 नफा! टाळ्या! पण थांबा. पहाटे पाचला उठून पीठ मळायला, भाजायला, ठेचायला, वाढायला आणि भांडी घासायला चार बायका होत्या. त्यांची मजुरी कुठं लिहिली? 2025-26 मध्ये रोजगार हमीचा आपल्या राज्यातला दर रोज 312 रुपये होता. आपण गोल आकडा धरू, 300. चौघींचे 1200. म्हणजे खरा खर्च 3500. एका ताटाला साडेसत्याऐंशी रुपये. चाळीसच्या चाळीस ताटं विकली, तर गटाला शिल्लक 500. तीच विकली गेली फक्त 30, तर आले 3000, म्हणजे 500 तोटा.

आता शेजारचा धाबेवाला 80 रुपयांत ताट देतो, म्हणून आपण 70 ला द्यायचं ठरवलं. 40 ताटांचे 2800 आले. सामानाचे 2300 गेले. उरले 500, चौघींत वाटले, प्रत्येकीला 125 रुपये. पहाटे पाचपासून दुपारी चारपर्यंत. त्यापेक्षा निंदणीला गेलेलं परवडलं असतं. बाईची मेहनत फुकट धरली की धंदा नफ्यात दिसतो. घरात आपली मेहनत कुणी मोजत नाही, ते एक वेळ चालवून घेतो. गटाच्या वहीत तरी ती मोजलीच पाहिजे. मजुरीची ओळ वहीत पहिली लिहा, वांग्याच्याही आधी.

स्वस्त विकण्यापेक्षा खर्च कुठं वाचतो ते बघा. वांगी गटातल्याच ताईच्या शेतातून घ्या, तिलाही बाजारापेक्षा दोन रुपये जास्त मिळतील आणि आपलं भाडं वाचेल. आदल्या दिवशी फोनवर मागणी घ्या, म्हणजे तीस लागणार की चाळीस हे कळेल. उरलेलं भरीत दुसऱ्या दिवशी विकायचं नाही, हे मात्र पक्कं. एकदा कुणाचं पोट बिघडलं की शंभर जणांना कळतं.

अनुदानाचंही सांगते. केरळात 1998 पासून कुडुंबश्री नावाचं बायकांच्या गटांचं मोठं काम आहे. 2020 मध्ये तिथं त्यांनी जनकीय हॉटेलं सुरू केली, 20 रुपयांत जेवण. सरकार प्रत्येक जेवणामागं 10 रुपये देत होतं. लॉकडाऊनमध्ये लाखो लोकांना त्याचा आधार झाला. मग 2023 मध्ये सरकारनं ते अनुदान थांबवलं आणि जेवण 30 रुपये झालं. गिऱ्हाईक तेच, भाजी तीच, पण चालवणाऱ्या बायकांची ओढाताण झाली. योजना असेल तर जरूर घ्या. 'उमेद' आहे, 'माविम' आहे, त्यांच्याकडून प्रशिक्षण घ्या, भांडवल घ्या. पण ताटाचा दर असा ठरवा, की योजना उद्या बंद झाली तरी चूल पेटत राहील.

आता नियमाच्या चार गोष्टी.

अन्न परवाना. छोट्या धंद्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते. नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये. अर्ज ऑनलाइन होतो. कुणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल, तर आधी संघाच्या कार्यालयात या.

गॅस. धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक लागतो. तो खर्च हिशोबात धरा.

पुड्या. गरम पुरी, भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधू नका. त्याला बंदी आहे, कारण शाई अन्नात उतरते. केळीची पानं आपल्या जळगावात काय कमी आहेत?

वांगं. भाजून सोललं की ते उघडून बघा. अळीचं निघालं तर बाजूला टाका. एका वांग्याचा लोभ करू नका.

आणि आता मनातली गोष्ट. भरीत केंद्र सुरू झालं की गल्ल्यावर कोण बसणार? पुष्कळ ठिकाणी असं होतं, की बायका आत चुलीपाशी आणि पैसे घ्यायला कुणाचा तरी मालक, दीर नाहीतर मुलगा. "तिला हिशोब जमत नाही," असं म्हणतात. महिन्याच्या बैठकीत पै-पैचा हिशोब कोण ठेवतं मग? गल्ल्यावर गटाचीच ताई बसेल. आळीपाळीनं बसा, म्हणजे सगळ्यांना जमेल. मोबाईलवर पैसे घ्यायची पाटी गटाच्या खात्याची लावा, कुणाच्या घरच्या खात्याची नको. रोज रात्री दोघींच्या सह्या घेऊन हिशोब बंद करा.

दुसरं. केंद्रावर राबणाऱ्या बायकांच्या जेवणाची वेळ ठरवा. समजा सकाळी साडेदहा. पहिलं भरीत झालं की चौघींनी खाली बसून, गरम, पोटभर जेवायचं, आणि मग गिऱ्हाईकाला वाढायला घ्यायचं. तुम्ही म्हणाल, "ताई, बोहनीच्या आधी आपण कसं खायचं?" खायचं. ती चार ताटं खर्चात धरा. मीठ कमी झालंय का, भाकरी कच्ची राहिलीय का, हे चाखल्याशिवाय कसं कळणार? आणि उपाशी बाई दुपारी दोनला गिऱ्हाईकाशी हसून बोलत नाही, हे आपण सगळ्या जाणतो. दुसऱ्याचं पोट भरणारीनं शेवटी उरलंसुरलं खायचं, ही रीत घरातून उचलून धंद्यात आणायची नाही. जमलं तर धंद्यातली नवी रीत घरी न्यायची.

तर पुढच्या मासिक बैठकीपर्यंत प्रत्येक गटानं एक काम करायचं. चार-पाच जणींनी मिळून जवळच्या एखाद्या छोट्या, साध्या ठिकाणी जेवायला जायचं. जळगावकडं भरीत खा, धुळ्याकडं शेवभाजी खा. प्रत्येकीनं आपापले पैसे द्यायचे. घरी कुणी विचारलं तर सांगा, अभ्यासाला चाललोय. ते खोटं नाही.

परत आल्यावर वहीत एक पान लिहायचं. पहिलं काय दिसलं? पाणी कसं होतं? पदार्थ किती होते? ताट किती वेळात आलं? दर काय होता, आणि त्या दरात त्यांना काय सुटत असेल? बाईला बसायला सोय होती का? आणि शेवटचा प्रश्न, सगळ्यात सोपा. कुणीतरी आपल्याला वाढत होतं, तेव्हा आपल्याला काय हवंसं वाटलं? तेच आपल्या गिऱ्हाईकाला द्यायचं आहे.

ती पानं पुढच्या सभेत वाचू. ज्या गटांची तयारी दिसेल, त्यांच्या प्रस्तावावर संघ त्याच दिवशी चर्चा करेल.

आता बोलणं पुरे. भरीत तयार आहे. आज वाढायला संघाच्या पदाधिकारी आहेत, म्हणजे मीही आले. तुम्ही कुणी उठायचं नाही. पहिल्या पंगतीला बसायचं, आणि भाकरी गरम असतानाच खायची.